मुंबईहून परत आलेली गासडी

१

गासडी गेली होती, पण तिचा वास मागे राहिला होता.

वखारीच्या दारात पाऊल टाकताच इन्स्पेक्टर एनॉक थ्रेलफॉलने नाकाला रुमाल लावला. बंद तळघराची ओल, कुजकं पीठ आणि शिळी चरबी, सगळ्याचा मिळून एकच वास येत होता. कोपऱ्यात फरशीवर एक चौकोनी कोरडा डाग होता. परवापर्यंत तिथे मुंबईहून परत आलेली कापडाची गासडी उभी होती.

"चार माणसांना हलायची नाही अशी गासडी," गिरणीचे मालक थिओफिलस डकेट म्हणाले, "आणि कापरासारखी उडून गेली!"

डकेट म्हणजे मँचेस्टरजवळच्या रॅम्सक्लफ गावातलं बडं प्रस्थ. गिरणी त्यांची, गल्ल्या त्यांच्या, चर्चमधला पहिला बाक त्यांचा. रविवारी गुबगुबीत हात मांडीवर ठेवून ते डोळे मिटून बसत. लोक म्हणत, साहेब प्रार्थना करतात. थ्रेलफॉलला मात्र लहानपणापासून वाटत आलं होतं की हा माणूस आकडेमोड करत असतो.

भानगड अशी होती. डकेटांच्या गिरणीचं पांढरं कापड गेल्या वर्षी मुंबईला गेलं. तिथल्या व्यापाऱ्यांनी गासड्या फोडल्या तर आत बुरशी! त्यांनी नुकसानभरपाई मागितली, आणि पुरावा म्हणून एक गासडी न उघडताच, आपलं सील ठोकून, बोटीने परत पाठवली. व्हिटसन या उन्हाळ्याच्या तोंडी येणाऱ्या ख्रिस्ती सणानंतरच्या बुधवारी मँचेस्टरहून पंच येणार होते. गासडी त्यांच्यासमोर फुटायची होती. आता फोडायला काही उरलंच नव्हतं, आणि पुरावा नाही म्हटल्यावर मुंबईकरांची मागणीही बारगळणार होती.

"म्हणजे चोरीने तुमचं भलंच झालं की," थ्रेलफॉल म्हणाला.

"इन्स्पेक्टर!" डकेटांचा आवाज चढला. "माझी अब्रू गेली त्याचं काय? मी पुरावा लपवला असंच उद्या बाजारात बोलतील. म्हणून तर पहाटेच तुम्हाला बोलावणं धाडलं."

"फाटकातून काय काय बाहेर गेलं?"

"काही नाही. रखवालदार प्रत्येक गाडी ताडपत्री उचलून बघतो. गेल्या गुरुवारी फक्त माझी चर्चच्या पोरींना दिलेली भेट गेली, तीही बँड लावून. तुम्हीच तर गर्दी आवरायला उभे होतात."

ते खरंच होतं. व्हिटसनच्या सोमवारी गावातल्या सगळ्या पोरी नवे पांढरे झगे घालून मिरवणुकीत चालतात. ज्या घरात वर्षभर नव्या कपड्याचा धागा येत नाही, त्या घरातही त्या दिवसाचा झगा नवाच लागतो. यंदा डकेटांनी सगळ्या पोरींना कापड फुकट वाटलं होतं. दोन भाषणं झाली, टाळ्या झाल्या, गाडी गेली. आणि गासडी त्यानंतर शनिवारी दुपारीही जागेवर उभी होती. मालकांनी पाहिली होती, त्यांच्या विक्रेत्यानेही पाहिली होती.

"गिरणी कानाकोपऱ्यापर्यंत शोधली?"

"कोळशाचा ढीगसुद्धा उपसला. पण गासडी शोधत बसू नका. चोर कोण ते मला ठाऊक आहे." डकेट जवळ आले. त्यांच्या तोंडाला पेपरमिंटचा वास होता. "वखारीच्या किल्ल्या दोनच. एक माझ्याकडे. दुसरी तुमच्या बालमित्राकडे."

२

जेबेझ हॉलरॉइड कोठडीत बाकावर पाय पोटाशी घेऊन बसला होता. गिरणीत खळ कालवायचं काम त्याचं. सुतावर चढवायची ती खळ, म्हणजे पीठ, चरबी, चिनीमाती, सगळं एका हौदात शिजवायचं. चिनीमातीची पोती वखारीत असत, म्हणून किल्ली त्याच्याकडे. वीस वर्षं ती माती त्याच्या छातीत जात होती. तो खोकला की रुमालावर पांढरं पडे.

"या इन्स्पेक्टरसाहेब," जेबेझ म्हणाला. "बसायला पाट देऊ का?"

"टोमणे नंतर मार. मालक म्हणतात तू खळीतलं पीठ बाहेर विकून खाल्लंस आणि त्या जागी माती भरलीस. गासडी फुटली असती तर तुझं बिंग फुटलं असतं, म्हणून तूच ती गायब केलीस."

जेबेझ हसायला गेला आणि खोकत सुटला. बराच वेळ खोकला. "अरे एनॉक, चोरलेल्या पिठाचा माणूस असा दिसतो का? माती किती घालायची ते मालक स्वतः येऊन सांगतात. जेवढं सूत, तेवढीच माती. घेणाऱ्याला वाटतं, वा, काय भरदार कापड!"

"सगळ्याच कापडात?"

"खुळा की काय! आपल्या दुकानांत जातं त्यात कोण माती घालेल? आपली बाई उद्या दुकानात येऊन त्याच कापडाने मालकाचा गळा आवळेल. मुंबईची बाई कुठून येते गळा आवळायला?"

 ही गोष्ट थ्रेलफॉलला नवी नव्हती. त्याची आई त्याच गिरणीत माग चालवायची, घरी यायची ती पिठाच्या गिरणीतून आल्यासारखी पांढरी होऊन. मुंबईचा माल, ती हसून म्हणायची, तिकडे चालतं. गावात सगळेच तसं म्हणत आणि सगळेच हसत. तोही हसला होता.

"मग बुरशी कशाने आली?"

"पीठ, चरबी, वर बोटीच्या पोटातली ऊब. बुरशी धरू नये म्हणून एक क्षार टाकतात. परसाल तो महाग झाला. मालक म्हणाले, वगळ. मी वगळला. मी बोलायला हवं होतं का? हवं होतं. बोललो असतो तर हौदावर दुसरा उभा राहिला असता."

सणानंतर मंगळवारी जेबेझला न्यायाधीशांपुढे उभं करणार होते. तिथून प्रेस्टनचा तुरुंग. डॉक्टरांनी थ्रेलफॉलला बाजूला घेऊन सांगितलं होतं की असल्या छातीचा माणूस त्या दगडी ओलीत नाताळ बघायचा नाही.

"एकच काम कर," जेबेझ म्हणाला. "माझ्या टेमरला म्हणावं, बाप कोठडीत असला तरी मिरवणूक चुकवायची नाही. तिला पुढच्या रांगेत चर्चच्या निशाणाची फीत धरायला दिलीय. आई गेल्यापासून पोरीने नवं कापड अंगाला लावलेलं नाही. मान वर करून चालायचं म्हणावं."

थ्रेलफॉलने मान हलवली. बाहेर येऊन तो भिंतीपाशी जाऊन थुंकला, तरी तोंडातली खळीची चव जाईना.

३

सेप्टिमस वेल हा डकेटांचा मँचेस्टरमधला विक्रेता. अंगावर पिवळा वास्कोट, बोटात अंगठी. मुंबईचा सौदा त्यानेच केला होता. गासडी नाहीशी झाल्याने त्याचीही मान सुटली होती, तेव्हा थ्रेलफॉलने त्याला खानावळीत गाठलं.

"वाईट झालं," वेल कालवं गिळत म्हणाला. चेहऱ्यावर मात्र वाईट काही दिसत नव्हतं. "पण खरं सांगू? त्या लोकांनी फार गवगवा केला. थोडी बुरशी आली, तर झटकावी, उन्हात टाकावं. ऊन काय कमी आहे तिकडे?"

"त्या कापडात अर्धी माती होती हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"इन्स्पेक्टर, आम्ही वजन विकतो. कापड हे वजन बांधायचं निमित्त." स्वतःच्याच बोलण्यावर तो इतका खूश झाला की त्याने ते पुन्हा म्हणून दाखवलं. "तुम्ही भुवया वर करू नका. ह्या गावातली चिमणीन् चिमणी त्याच मातीवर धूर ओकते. तुमचा पगारही त्याच धुरातून येतो."

हा माणूस किळसवाणा होता, आणि त्याहून किळसवाणं हे की तो खोटं बोलत नव्हता.

"शनिवारी तुम्ही गासडी पाहिलीत?"

"पाहिली? अहो, मी तिच्यावर बसलो! डकेटसाहेबांनीच मला वखारीत नेलं. म्हणाले, बघून घ्या, आपली वैरीण कशी ऐटीत उभी आहे. बारदान, लोखंडी पट्ट्या, मुंबईचं सील, सगळं जिथल्या तिथे. मग ते कसल्याशा कामाला आत गेले. सकाळपासून वणवण करून माझे पाय भरून आले होते. टेकलो गासडीवर, आणि अशी झकास डुलकी लागली की विचारू नका. साहेबांनी हलवलं तेव्हा जागा झालो."

"वास नाही आला?"

"आता बुरशीचा वास यायचाच. पण झोपेला काय, धोंडा चालतो म्हणतात."

थ्रेलफॉल उठला. वेलच्या बोलण्यात कुठेतरी एक खडा लागला होता, पण नेमका कुठे ते त्याला कळेना. पुढचे काही दिवस तो खडा त्याच्या दातांखाली तसाच राहिला. गिरणी त्याने पुन्हा पालथी घातली. काही सापडलं नाही. शनिवारी असलेली गासडी सोमवारी नव्हती, आणि ती कुठूनही बाहेर गेली नव्हती.

४

व्हिटसनच्या सोमवारची सकाळ. थ्रेलफॉल पिलिंगकाकूंच्या घरी भाड्याने राहायचा. काकूंनी पुढ्यात व्हिनेगर शिंपडलेली आतडी ठेवली होती. त्याला ती एरवी आवडत, आज बघवेना. काकू खिडकीपाशी बसून टेमर हॉलरॉइडच्या झग्याला शेवटचे टाके घालत होत्या.

"खा रे मुकाट्याने. जेबेझ कोठडीत आहे म्हणून तू उपाशी राहिलास तर तो काय सुटणार आहे?" काकू शिंकल्या. "मेलं हे कापड! धाग्याला धागा भरदार, पण सुई घालावी तर खडूत घातल्यासारखी करकरते. तीन सुया मोडल्या. आणि भुगा किती उडतो! आठवडाभर शिंकतेय."

"मग मालकांना सांगायचं."

"फुकटच्या गाईचे दात कोण मोजतं? आणि वास बघ कसा गोड. मालकीणबाईंनी प्रत्येक ताग्यात लव्हेंडर घातलंय म्हणे." काकू थांबल्या. "एवढंच की इस्त्री फिरवली की आतून काहीतरी दुसरंच येतं. तळघरात कांदे विसरावेत तसं. माझंच नाक बिघडलं असेल."

थ्रेलफॉलच्या हातातला काटा थांबला. त्याने टेबलावर पाहिलं. मुरंब्याच्या बरणीच्या तोंडावरचं फडकं काकूंनी कापडाच्या एका चिंधीने बांधलं होतं. चिंधीवर रंगीत पट्टी विणलेली होती, दोन निळ्या रेघा आणि मध्ये तांबडी.

"काकू, ही चिंधी कुठली?"

"झग्याच्या कापडाचीच. ताग्याच्या टोकाला होती. छान दिसली म्हणून कापून ठेवली."

दोन निळ्या, मध्ये तांबडी. आईच्या मागावर ती पट्टी त्याने शंभरदा पाहिली होती. ताग्याच्या टोकाला अशी पट्टी विणतात ती परदेशी मालाला, बंदराबंदराची वेगळी. गावच्या दुकानांतल्या कापडाला पट्टी नसतेच. ही मुंबईची.

म्हणजे मालकांनी पोरींना मुंबईसाठी विणलेलं कापड दिलं होतं, आणि त्या कापडाला लव्हेंडरच्या खालून बुरशीचा वास येत होता. पण नाही, ते जुळत नव्हतं. भेट गुरुवारी गेली, आणि गासडी शनिवारी...

तो मागे रेलला आणि खुर्चीवरच्या गादीत हातभर खचला.

"काकू! ही गादी कशाने भरलीय?"

"गिरणीच्या टाकाऊ सुताने. आणखी कशाने भरणार? सगळं गाव त्याच्यावरच बसतं. का रे, टोचतंय का काही?"

उत्तर द्यायला थ्रेलफॉल तिथे नव्हता. बरणीवरची चिंधी ओढून घेऊन तो टोपी न घालताच रस्त्यावर धावला होता. बाहेर आभाळ भांड्याच्या बुडासारखं काळं झालं होतं.

५

चर्चच्या आवारात पोरी रांगा धरून उभ्या होत्या. पांढऱ्याशुभ्र, कडक, चालल्या की कागदासारख्या वाजणाऱ्या. पुढच्या रांगेत टेमर हॉलरॉइड निशाणाची फीत धरून उभी होती. बापाने सांगितल्याप्रमाणे तिने मान वर केली होती, इतकी की निळ्या फितीपेक्षा तिची हनुवटीच आधी दिसत होती.

पायऱ्यांवर डकेट होते. मिरवणूक त्यांच्या रुमालाच्या इशाऱ्यावर निघायची. शेजारी एक वाळका, उन्हाने रापलेला म्हातारा उभा होता. हे लोमॅक्स, बुधवारचे पंच. कापडाच्या धंद्यात त्यांनी तीस वर्षं मुंबईत काढली होती, आणि डकेटांनी त्यांना सणाला मुद्दाम आधी बोलावून घेतलं होतं.

"साहेब, जेबेझ हॉलरॉइडला सोडावं लागेल," थ्रेलफॉल धापा टाकत म्हणाला. "गासडी सापडली."

डकेटांचा चेहरा हलला नाही. "कुठे?"

"तुमच्यासमोर उभी आहे. हातात फिती धरून."

लोमॅक्सनी मान वळवली. डकेट हसले. "सणाची सकाळ आहे इन्स्पेक्टर, इतक्यात घेतली की काय? भेट गुरुवारी दिली. गासडी शनिवारी वेलने स्वतः पाहिली."

"वेल तिच्यावर बसला. त्याला डुलकी लागली." थ्रेलफॉल लोमॅक्सकडे वळला. "साहेब, तुमचा जन्म गासड्यांत गेला. यंत्राने दाबलेल्या गासडीवर बसलात कधी?"

"एकदाच," लोमॅक्स म्हणाले. "दगडावर बसलेलं बरं."

"वेलला मात्र ती गादीसारखी लागली. कारण आत कापड नव्हतंच. आत गिरणीचं टाकाऊ सूत होतं. बारदान तेच, पट्ट्या त्याच, सीलही तेच, खालून उसवून वर शाबूत ठेवलेलं. गासडी गुरुवारच्या आधीच रिकामी झाली होती. शनिवारी वेलला तिथे नेलं ते साक्षीदार म्हणून. रविवारी गिरणी बंद. सूत गेलं टाकाऊ सुताच्या ढिगात, बारदान गेलं भट्टीत, पट्ट्या भंगारात. गासडी शोधणाऱ्याला ढिगात काय दिसणार?"

"हे जेबेझही करू शकतो," डकेट म्हणाले. त्यांच्या कपाळावर घाम आला होता.

"करू शकतो. पण काढलेलं कापड तुमच्या भेटीच्या गाडीत तो कसं घालणार? ते तागे तुम्ही स्वतः निवडलेत, भाषणात तसं सांगितलंत. वेलही नव्हे. त्याला ठाऊक असतं तर डुलकीची गोष्ट त्याने मला रंगवून सांगितली नसती." थ्रेलफॉलने मूठ उघडली. "आणि ही मुंबईची पट्टी. पोरींच्या झग्यांच्या ताग्यातून निघाली. वरच्या बुरसटलेल्या ताग्यांचं तुम्ही काय केलंत ते तुम्हाला ठाऊक. आतल्या बऱ्या दिसणाऱ्यांना पुन्हा खळ देऊन इस्त्री मारलीत. सगळंच जाळून टाकलं असतंत तर मला आयुष्यात पत्ता लागला नसता. पण तुमच्याने ते जाळवेना. जाळलं तर राख, वाटलं तर पुण्य. फुकट जाणाऱ्या मालावर तुम्ही टाळ्याही घेतल्यात."

डकेट पाऊलभर जवळ सरकले. मग हळू आवाजात म्हणाले, "चिंधी काय, कुठलीही असेल. कापडाचे आता शंभर झगे झालेत. माझ्याविरुद्ध शपथेवर ते ओळखणार कोण?"

थ्रेलफॉलने वर पाहिलं. "हे रॅम्सक्लफ आहे साहेब, इथे पाऊस रोजचाच. फार वेळ थांबावं लागणार नाही." आणि मग त्याचा आवाज बदलला. "त्या कापडात काय आहे ते तुम्हाला ठाऊक आहे. अख्ख्या गावादेखत त्या पोरींच्या अंगावर ते भिजेल. एक शब्द बोला. हो म्हणा, की मी त्यांना आत्ता चर्चमध्ये घेतो. कुणाला काही कळायचं नाही. नुसतं जेबेझला सोडवा."

डकेटांनी आभाळाकडे पाहिलं. पोरींकडे पाहिलं. खिशातून रुमाल काढला आणि हलवला.

बँड दणाणला. निशाण हललं. पोरी चालू लागल्या.

थ्रेलफॉल पायऱ्या उतरून धावला. "थांबा! आत चला!" तो ओरडला, पण ढोलापुढे त्याचा आवाज त्यालाच ऐकू येईना. रांग फाटकाबाहेर पोचली आणि सरीवर सरी कोसळायला लागल्या. डकेटांनी छत्री उघडली.

आधी झग्यांचा कडकपणा गेला. मग त्यातून पांढरं दाट पाणी गळायला लागलं, भाताच्या पेजेसारखं. ते पोरींच्या मोज्यांवरून ओघळून बुटांत शिरलं. कापड विरत विरत जाळीसारखं झालं आणि अंगाला चिकटलं. लव्हेंडर धुऊन गेलं आणि खालचा वास वर आला. इस्त्रीखाली दबलेले तपकिरी डाग पाठीवर, पोटावर उमटले. पोरी किंचाळल्या, दोन्ही हातांनी अंग झाकत खाली बसल्या. टेमर एकटी अजून उभी होती, फीत धरून, मान वर करून, आणि तिच्या हनुवटीवरून पांढरं पाणी टपकत होतं. थ्रेलफॉलने अंगातला कोट काढून तिला गुंडाळलं. तेव्हा तिने मान खाली घातली.

दोन्ही बाजूंनी बाया शाली घेऊन धावल्या. बँड थांबला. एका मागवालीने आपल्या पोरीच्या झग्याचा बोळा मुठीत पिळला, नाकाशी नेला आणि ती तशीच उभी राहिली.

"हे आपलंच आहे गं," ती म्हणाली. "मुंबईचं."

 तिथली प्रत्येक बाई ते कापड विणत आली होती, आणि त्याच्यावर हसत आली होती.

मग सगळ्या पायऱ्यांकडे वळल्या.

"माझ्याकडे काय बघता?" छत्रीखालून डकेट ओरडले. त्यांचा तोल गेला होता. "कुठलं तरी कापड पावसात भिजवायचं आणि मग बोंबलायचं! ते पावसासाठी केलेलंच नव्हतं! ते मुंबईसाठी होतं!"

 डकेटांना आपण काय बोललो ते कळायला थोडा वेळ लागला. 

लोमॅक्सकडे छत्री नव्हती. ते निथळत शांतपणे उभे होते.

"डकेटसाहेब," ते म्हणाले, "मी मुंबईत तीस पावसाळे काढले. ह्याला तिथे पाऊस म्हणतच नाहीत."

६

जेबेझ त्याच दुपारी सुटला. मुंबईकरांची भरपाई डकेटांना द्यावी लागली. खोटी फिर्याद केल्याबद्दल न्यायाधीशांनी त्यांना चार कडक शब्द ऐकवले आणि थोडासा दंड केला. न्यायाधीशांची सूतगिरणी पलीकडच्या गावात होती. महिनाभर डकेट चर्चमध्ये मागच्या बाकावर बसले, नंतर पुन्हा पुढे आले. पोरींच्या झग्यांची बायांनी फरशी पुसायची फडकी केली, पण ते कापड पाणीही धड टिपेना.

आणि गिरणी चालू राहिली. ती बंद व्हावी असं कुणालाच वाटत नव्हतं, हे थ्रेलफॉलला सगळ्यात जास्त सलत होतं.

पानगळीच्या सुमारास एका रविवारी तो जेबेझकडे गेला. जेबेझ शेकोटीपाशी बसला होता. तो पुन्हा हौदावर रुजू झाला होता, कारण मालकांनी बोलावलं आणि दुसरीकडे कुणी बोलावलं नाही. क्षार आता पुरेसा घालत होते. माती होती तेवढीच होती.

"मुंबईच्या ताग्यांवरचा निळ्या मोराचा छाप मालकांनी बंद केला," जेबेझ म्हणाला. "मुंबईत त्याचं नाव खराब झालं ना. आता ताग्यांवर नवं तिकीट लावतात. बघायचंय?"

त्याने फळीवरून एक रंगीत कागद काढून दिला. कागद देखणा होता, कडेला सोनेरी वेलबुट्टी. मध्ये पांढराशुभ्र झगा घातलेली एक पोर होती, हातात निशाणाची निळी फीत, मान वर. मागे निळं आभाळ, त्यात एकही ढग नाही.

थ्रेलफॉलने वर पाहिलं. जेवणाच्या टेबलापाशी टेमर बटाटे सोलत होती. तिची हनुवटी त्याने नीट पाहिली आणि पुन्हा कागदाकडे पाहिलं. 

"चित्रकार मिरवणुकीच्या आदल्या दिवशी तालमीला आला होता," जेबेझ म्हणाला. "मालकांनीच बोलावला होता, भेटीची आठवण म्हणून. चित्र फुकट कशाला घालवायचं?"

"आणि तू हे घरात ठेवलंस?"

जेबेझने कागद परत घेतला. शेकोटीच्या उजेडात धरून तो बराच वेळ बघत राहिला. मग त्याला खोकल्याची उबळ आली. ती ओसरली तेव्हा त्याने कागदावर उडालेला पांढरा ठिपका अंगठ्याने हळूच पुसला.

"ह्यात निदान ती कोरडी आहे," तो म्हणाला.